सही नसलेली पाटी

रविवार, १७ फेब्रुवारी २०४१ रोजी सकाळी अकरा वाजता धामणखिंडची जुनी पाण्याची टाकी पाडायची होती. टाकीच्या मागे डोंगर आणि ओढा असल्यामुळे ती पुढच्या अंगाला, बाजार मैदानावर कोसळणार होती. हे गावातल्या प्रत्येकाला लेखी कळवलेलं होतं आणि प्रत्येकाने ते वाचल्याचं मान्य केलं होतं. सकाळी नऊ वाजता त्याच बाजार मैदानावर सुमारे चौदाशे माणसं सतरंज्या टाकून बसलेली होती.

सूचनेत संदिग्ध काही नव्हतं. ‘टाकी सुरुंगाने पाडण्यात येणार आहे. दोनशे मीटरच्या आत कोणीही थांबू नये. थांबल्यास जीवितास धोका आहे.’ नगरपरिषदेच्या सूचना कक्षातल्या लिपिक शर्वरी खुटवड यांनी ती लिहिली होती. चौकाचौकांतल्या ८१२ फलकांवर आणि गावातल्या सगळ्या फोनांवर ती आठ दिवस झळकत होती. खाली ‘वाचले, मान्य आहे’ असं बटण होतं. शंभर टक्के लोकांनी ते दाबलं होतं.

सूचना ‘लोणी’मध्ये होती. घोटाळा कसा झाला ते समजायला आधी लोणी म्हणजे काय ते सांगायला हवं.

लोणी हा देवनागरी फॉन्ट. ठळक, गुबगुबीत, गोल टोकांचा. त्याच्या एकाही अक्षराला काटा, शेपूट किंवा धारदार कोपरा नाही. रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या पाचव्या भागाइतकी, त्यामुळे ‘ब’ आणि ‘व’ पोटभर जेवल्यासारखे दिसतात. शिरोरेघसुद्धा दोन्ही टोकांना लोडासारखी गोल.

पुण्याच्या एका दृष्टिविज्ञान प्रयोगशाळेतल्या डॉ. नूपुर बिडवई २०३६ साली एका लग्नासाठी धामणखिंडला आल्या होत्या. बस स्थानकाच्या भिंतीवर त्यांनी वाचलं, ‘येथे थुंकणाऱ्याला गाढव समजले जाईल.’ वाचून त्यांना बरं वाटलं. का बरं वाटलं, हे त्यांना कळेना. त्या लग्न सोडून भिंतीचे फोटो काढत बसल्या.

पुढच्या दोन वर्षांत प्रयोगशाळेने तीन हजार माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. वाचताना डोळा सरळ सरकत नाही, तो उड्या मारत जातो. वाटेत टोकदार कोपरा लागला की तो काही सहस्रांश सेकंद जास्त अडखळतो आणि मेंदूतला पहारेकरी भाग जागा होतो. काटा, दात, सुरी ओळखण्यासाठी तो भाग लाखो वर्षं राबलेला आहे. गोल टोकांवर तो झोपून राहतो. हे आधीही थोडंफार माहीत होतं. नवीन होतं ते प्रमाण. टोकाची गोलाई रेघेच्या जाडीच्या बरोबर निम्मी असेल तर वाचणारा नुसता शांत राहतो. ती शंभरात सत्तेचाळीस असेल, म्हणजे अर्धगोल एका बाजूला किंचित दबलेला असेल, तर तो शांतपणाच्या पुढे जातो. मजकूर घरच्या, मायेच्या माणसाने सांगितल्यासारखा वाटू लागतो. अर्थ पूर्ण समजतो. परीक्षा घेतली तर उत्तरंही बरोबर येतात. फक्त तो बोचत नाही.

सत्तेचाळीस हा आकडा संगणकाला सुचला नव्हता. बस स्थानकाची भिंत रंगवणारे दिगंबर खुटवड, गावात दिगू पेंटर, हे डावरे होते आणि त्यांचा ब्रश कायम एका अंगाने झिजलेला असे.

दिगू पेंटर म्हणजे शर्वरीचे वडील, तिचे आण्णा. तिने त्यांची तीनशे अक्षरं प्रयोगशाळेला दिली, संमतीच्या कागदांवर सहीऐवजी त्यांचा अंगठा घेतला, आणि २०३९ साली लोणी बाजारात आला.

त्याच दिवसापासून आण्णांनी लेकीशी बोलणं सोडलं.

कारण सहीचं होतं. धामणखिंडच्या पेंटरांची जुनी रीत अशी, की पाटी लिहून झाली तरी सही लगेच करायची नाही. रंग पूर्ण वाळला, बोट लावून पाहिलं, बोट कोरडं आलं, की मग उजव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत नाव घालायचं. त्यामुळे गावात पाटी बघितली की नजर आधी कोपऱ्यात जाते. सही असेल तर टेका, खेटा, सायकल लावा. सही नसेल तर कपडे आवरून लांबून जा. आण्णांच्या आधी त्यांच्या वडिलांनी आणि त्यांच्याही आधी चुलत्यांनी गावाचे सदरे बिघडवून ही शिस्त लावली होती.

“फॉन्टला सही नसते हो, आण्णा,” शर्वरी म्हणाली होती. “कोपराच नसतो त्याला.”

“मग त्ये वाळल्यालं न्हाई,” आण्णा म्हणाले होते. “सोडू नगंस बाजारात.”

तिने सोडलं. दोन वर्षं ते तिच्याशी पाटीवर लिहून बोलत होते. शाळेच्या काळ्या पाटीवर, खडूने, आपल्या त्याच जाड, गोल अक्षरात. शर्वरी रोज सकाळी कार्यालयात जाताना त्यांच्या दुकानावरून जायची आणि दारावरची पाटी वाचायची. ‘मी तुझ्याशी बोलत नाही.’ वाचून तिला फार बरं वाटायचं. आण्णा मजेत आहेत म्हणायची आणि पुढे जायची.

लोणीने धामणखिंडचं जे भलं केलं त्याची नोंद कार्यालयात आहे. पहिल्या महिन्यात तक्रारी ३४० वरून ११ वर आल्या. त्यातल्या नऊ सूचनाफलक आणखी मोठे हवेत अशा होत्या. सूचना कक्षाच्या खिडकीला लोखंडी जाळी होती, ती काढून शर्वरीने तिथे मनीप्लँट लावला. पूर्वी ‘उद्या पाणी येणार नाही’ असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी बायका हंडे घेऊन यायच्या आणि ते तिच्या टेबलावर आपटायच्या. आता त्याच बायका नुसत्या डोकावून “छान कळवलंस गं” म्हणून जायच्या. शाळेने निकाल लोणीत छापले तेव्हा दहावीत नापास झालेल्या सतरा मुलांच्या घरी पेढे वाटले गेले. कोर्टाची घटस्फोटाची नोटीस आली म्हणून एका जोडप्याने ती चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावली आणि तिच्याखाली ते अजून एकत्र राहतात.

एकच गोष्ट शर्वरीला खटकली होती. ‘पाणी निम्मं वापरा’ ही सूचना शंभर टक्के लोकांनी मान्य केली, आणि त्या आठवड्यात पाण्याचा वापर चार टक्क्यांनी वाढला. तिने आकडे मुख्याधिकारी नचिकेत बोरकुटे यांच्यासमोर ठेवले.

“खुटवड मॅडम, लोक भांडतायत का?” बोरकुटेंनी विचारलं.

“नाही, सर.”

“मान्य करतायत ना?”

“मान्य करतायत. करत मात्र काही नाहीत.”

“आधी काय करत होते? भांडतच होते ना?” बोरकुटे म्हणाले. “तुमच्या खिडकीला जाळी परत बसवू का?”

शर्वरीने मनीप्लँटकडे पाहिलं आणि आकडे फाइलला लावले. टाकी पाडायची सूचना तिने लिहिली तेव्हा हे आकडे त्याच फाइलमध्ये होते.

रविवारी सकाळी नऊ वीसला ती दुकानाशी पोचली. दुकान टाकीपासून साठ मीटरवर, म्हणजे धोक्याच्या हद्दीत होतं, आणि आण्णांना तिथून हलवून घरी न्यायचं असं तिने ठरवलं होतं. मैदानातल्या सतरंज्या तिला दिसल्या, पण उद्घाटनाची जागा धरून ठेवलीय, अकराच्या आत उठतील, असं तिला वाटलं. दुकानाचं दार नुसतं लोटलेलं होतं. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘मी तुझ्याशी बोलत नाही. दोन वर्षं झाली, तुला काही वाटत नाही. टाकीखाली बसलोय. माझं सगळ्यात मोठं अक्षर आज पडणार, त्याच्याजवळ असावं म्हणतो.’

ते सगळ्यात मोठं अक्षर म्हणजे टाकीच्या पोटावर आण्णांनी १९९६ साली रंगवलेलं ‘पाणी जपून वापरा’.

शर्वरीने पाटी वाचली. तिला बरं वाटलं. आण्णा सकाळच्या हवेला बाहेर पडलेत म्हणजे तब्येत ठीक दिसते, असं तिच्या मनात आलं. ती कार्यालयात गेली, तिने चहा मागवला आणि कामाच्या दिवशीच्या नियमाप्रमाणे आलेले-गेलेले निरोप नोंदवहीत टाइप करायला घेतले. नोंदवहीचा पडदा जुना होता. त्यावर लोणी चालत नसे. त्यावर एक बारीक, काटेरी, नाव नसलेला फॉन्ट होता, आणि शर्वरी आपल्या सूचना आधी त्यातच लिहायची. गावात लोणी न लावलेला मजकूर रोज वाचणारी ती एकटीच होती.

तिने टाइप केलं, ‘मी तुझ्याशी बोलत नाही. दोन वर्षं झाली, तुला काही वाटत नाही.’ आणि तिचा हात थांबला.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुढचं टाइप केलं, ‘टाकीखाली बसलोय.’

चहा आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. घड्याळात दहा वाजायला बारा मिनिटं होती.

धावता धावता तिने सुरुंगाचं काम घेतलेल्या कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. पटवेकर त्याचं नाव. तो डोंगरापलीकडे, सुरक्षित अंतरावर, गाडीत बसलेला होता.

“थांबवा! मैदानात माणसं आहेत!”

“मॅडम, टायमर काल संध्याकाळीच सील झालाय. बाहेरून थांबवायची सोयच ठेवलेली नसते. सुरक्षेसाठी.”

“कुणाच्या सुरक्षेसाठी?”

“तसं लिहिलेलं नाही. आता सील फोडायला गेलो तर अकराची वाटही बघणार नाही तो. आणि माणसं कशी असतील? परिसर रिकामा असल्याचा दाखला आहे आमच्याकडे.”

“कुणी दिला दाखला?”

“नगरपरिषदेने. सूचना शंभर टक्के मान्य, सबब परिसर रिकामा समजावा.” तो कागद चाळत असल्याचा आवाज आला. “खाली सही... श. दि. खुटवड.”

मैदानावर जत्रेसारखं वातावरण होतं. टाकी पडल्यावर लगेच नव्या टाकीचं उद्घाटन आणि मग पंगत असल्यामुळे माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती. पुरुष पांढऱ्याशुभ्र कडक सदऱ्यांत, बायका नव्या साड्यांत. पुढच्याच रांगेत फौजदार शिंगटे सहकुटुंब बसले होते.

“साहेब, ही माणसं उठवा,” शर्वरी धापा टाकत म्हणाली. “टाकी इथे पडणार आहे.”

“वाचलंय की आम्ही,” शिंगटे हसून म्हणाले. “मान्य पण केलंय. अहो, आमची ही म्हणाली, एवढं मायेनं बोलावलंय तर पुढचीच जागा धरू.”

“बोलावलेलं नाही! जाऊ नका म्हटलंय!”

“हो, तेच. जाऊ नका म्हटलंय. किती आपुलकीनं म्हटलंय.” आणि त्यांनी तिच्यासमोर भडंगाचा डबा धरला. “घ्या.”

तिने बोरकुटेंना गाठलं. ते उद्घाटनाच्या भाषणाची उजळणी करत होते आणि भाषणही लोणीतच छापलेलं होतं, त्यामुळे ते स्वतःवर प्रसन्न होते. तिने ओरडून पाहिलं. नगरपरिषदेचा भोंगा दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता, त्यामुळे आवाज चौथ्या रांगेपलीकडे जाईना. जवळच्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि खात्री करून घ्यायला फोन काढला. फोनवर सूचना होतीच. ती वाचून ते पुन्हा निवांत झाले.

दहा वाजून नऊ मिनिटं.

आण्णा टाकीच्या थेट खाली, घडीच्या खुर्चीवर, मान वर करून बसले होते. वय एकाहत्तर. मांडीवर दुसरी पाटी.

“आण्णा, चला इथून.”

आण्णांनी खडू काढला. सावकाश, वळण न बिघडवता लिहिलं, ‘बोलत नाही.’

“नका बोलू. पण चला. लोकांना काही कळत नाहीये, सगळे वाचतात आणि खूश होतात. तुमच्या अक्षराचं काय करू मी?”

आण्णांनी पाटी पुसली, लिहिलं, ‘वर बघ,’ आणि बोट टाकीकडे केलं. मग पुन्हा पुसून लिहिलं, ‘पंचेचाळीस वर्षं सांगतोय. कुणी वापरलं जपून?’

शर्वरीने वर बघितलं. तालुक्यात माणशी सर्वांत जास्त पाणी धामणखिंडला लागतं, हे तर सूचना कक्षातलं पाठ झालेलं वाक्य होतं. प्रयोगशाळेने तीन हजार माणसं तपासली होती. ही टाकी तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. आण्णांना ते न तपासता माहीत होतं.

“मग तुम्ही मला सांगितलं का नाही?”

आण्णांनी पाटी पुसली नाही. त्यांनी सांगितलं होतं. वाळलेलं नाही, सोडू नकोस, असं सांगितलं होतं.

शर्वरीने तोंड फिरवलं, आणि तेव्हा तिला मैदानात एक भोक दिसलं.

चौदाशे माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि मधोमध दहा फुटांचा स्वच्छ रिकामा गोल. गोलाच्या मध्यावर लाकडी घोडीवर उद्घाटनाची पाटी उभी होती, ‘नवीन जलकुंभ, धामणखिंड’. फलक कितीही आले तरी कोनशिलेची आणि उद्घाटनाची पाटी हाताने लिहिलेलीच हवी असा गावाचा हट्ट होता, म्हणून ती शुक्रवारी आण्णांकडून लिहून घेतली होती. उजवा कोपरा कोरा होता.

गोलाच्या काठावर कुसुममावशी अंग चोरून, अर्ध्या सतरंजीवर बसल्या होत्या. शर्वरीच्या शेजारच्या.

“मावशी, पुढे जागा आहे की एवढी. सरका ना.”

“खुळी का काय तू?” मावशी म्हणाल्या. “सही न्हाई अजून. ओलं हाय त्ये. माजी इरकल बग, पहिल्यांदा नेसलीय.”

“शुक्रवारची आहे पाटी. कधीच वाळली असेल.”

“मग सही करायला काय झालतं तुज्या बापाला?”

शर्वरी उलटी धावत टाकीखाली गेली.

“आण्णा, दुकानात कापड आहे? मोठं?”

आण्णांनी खडू उचलला.

“लिहू नका! मान हलवा!”

आण्णांनी मान हलवली.

दुकानात निवडणुकांच्या काळातलं वीस फुटी मांजरपाट होतं, दोन बांबूंना आधीच शिवलेलं. लाल ऑइल पेंटचे दोन डबे होते. दहा वाजून सतरा मिनिटांनी कापड दुकानासमोर जमिनीवर पसरलं गेलं. एका हातात डबा, डाव्या हातात चार इंची ब्रश, त्यामुळे पाटी धरायला आण्णांना हात उरला नाही. त्यांनी भुवया उडवून विचारलं, काय लिहू?

“काहीही. ‘मागे सरका’ लिहा. काय लिहिलंय त्याला महत्त्व नाही. फक्त जाड लिहा. जितकं जाड जाईल तितकं. रंग राखू नका. टर्पेंटाइनपण ओता.”

आण्णांनी जन्मभर रंग राखून वापरला होता. रंग ओघळला तर त्या रात्री त्यांना जेवण जात नसे. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग टाकीकडे, आणि डब्यात अर्धी बाटली टर्पेंटाइन उपडी केली. ‘म’ उतरला. दोन फूट उंच, आठ बोटं जाड, चारी टोकांना गोल. त्याच्या पोटातून लाल ओघळ निघाले. शर्वरी कापडाचं दुसरं टोक ताणून धरत होती आणि सारखी घड्याळाकडे बघत होती, त्यामुळे कापडाला झोळ पडला.

“अगं ताण की नीट! रेघ वाकडी पडतीया!” आण्णा ओरडले.

दोघंही थांबली.

“आण्णा, बोललात.”

“बोललो न्हाई. रेघ वाकडी पडत हुती.” त्यांनी ब्रश बुडवला. “धर.”

दहा वाजून एकोणतीस मिनिटांनी एका बांबूला शर्वरी आणि दुसऱ्याला आण्णा असे ते दोघं टाकीकडच्या बाजूने मैदानात शिरले. मध्ये वीस फूट कापड, त्यावर वीस फूट लाल, ओघळती, गुटगुटीत अक्षरं. वारा डोंगराकडून येत होता. कापड फडफडायचं आणि प्रत्येक फडफडीला थेंब उडायचे.

पहिल्या रांगेने मजकूर वाचला. चेहऱ्यांवर लोणीचा तो ओळखीचा आनंद उमटला. “मागे सरका! वा, किती छान,” शिंगट्यांची बायको म्हणाली.

मग सगळ्यांची नजर सवयीने उजव्या कोपऱ्यात गेली. कोपरा कोरा होता.

त्याच क्षणी एक थेंब फौजदार शिंगट्यांच्या नव्या गणवेशावर, बरोबर खिशावर पडला.

“ओलंय!” शिंगटे उभे राहत किंचाळले. “ओ पेंटर! सही न्हाई! ओलंय हे!”

“ओलंय, ओलंय!” रांगांमधून शब्द मागे धावला. जिथे शर्वरीचा आवाज चार रांगा गेला नव्हता, तिथे हा शब्द चाळीस रांगा गेला. सतरंज्या उचलल्या गेल्या. पांढरे सदरे मागच्या पांढऱ्या सदऱ्यांना ढकलू लागले. बायकांनी पदर खोचले. कुसुममावशी इरकलीचा काठ दोन्ही हातांनी धरून अशा निघाल्या की त्यांच्या वयाला ते शोभलं नाही.

“पेंटर, म्हातारचळ लागला काय? कुठं घेऊन निघालाय ते?”

“बाजूला लावा की ते!”

“बाजूलाच लावतोय!” आण्णा ओरडले. “तुमी सरका! शरे, डावीकडं घे! त्यो जनरेटरमागं लपतोय बग एक!”

शर्वरीने डावीकडे घेतलं. लपलेले बोरकुटे निघाले. भाषण छातीशी धरून ते म्हणाले, “खुटवड मॅडम, हे नियमबाह्य आहे, हाताने लिहिलेल्या फलकांना परवानगी...” कापड फडफडलं. बोरकुटेंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि दोनशे मीटरचं अंतर त्यांनी सर्वांत आधी गाठलं.

दहा अठ्ठेचाळीसला हात भरून आले. आण्णांचा बांबू खाली झुकला.

“दमलात?”

“न्हाई.” ते दमले होते. “शरे, एक इचारू? रोज पाटी वाचायचीस न्हवं?”

“वाचायची.”

“मग?”

“मला वाटायचं तुम्ही मजेत आहात.”

आण्णांनी आपला बांबू पुन्हा उचलला. पुढे चौदाशे माणसं नाराज होऊन मागे सरकत होती. दोन वर्षांत धामणखिंडमध्ये एवढी भांडणं कुणी ऐकली नव्हती.

“म्हंजे माज्याच हातानं घात झाला माजा,” आण्णा म्हणाले. “बोलायलाच पायजे हुतं.”

“मी सही विचारायला हवी होती. चुकलं माझं, आण्णा.”

“मग आता सांगतीस व्हय? बांबू वर धर.”

दहा वाजून सत्तावन्न मिनिटांनी शेवटचा माणूस दोनशे मीटरच्या खुणेच्या पलीकडे गेला. दुसऱ्या मिनिटाला पलीकडे गेले आण्णा आणि शर्वरी, टाकीकडे पाठ करून, कापड गर्दीकडे धरून, कारण ते वळवलं असतं तर माणसं जागेवर परतली असती.

अकरा वाजता टाकीचे पाय एकदम गुडघ्यात वाकले. ‘पाणी जपून वापरा’ ही अक्षरं क्षणभर सरळ रेषेत खाली आली, मग ‘पाणी’ एका बाजूला झालं आणि ‘वापरा’ दुसऱ्या. सगळं मिळून फौजदार शिंगट्यांच्या भडंगाच्या डब्यावर पडलं. धूळ चार मिनिटांनी खाली बसली. घडीची खुर्ची आणि उद्घाटनाची पाटी सापडली नाही. माणूस एकही दगावला नाही. जखमी एक, तोही पळताना चप्पल तुटून. कपडे मात्र दोनशे अकरा माणसांचे बिघडले. त्या सगळ्यांनी सोमवारी सूचना कक्षाच्या खिडकीशी येऊन शर्वरीला तोंडाला येईल ते ऐकवलं. तिने प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाची नोंद केली, बारीक, काटेरी अक्षरांत. मनीप्लँट तिने आधीच आत घेतला होता.

बुधवारी डॉ. बिडवई पुण्याहून आल्या. बांबूंसह ते कापड ढिगाऱ्याच्या तोंडाशी उभं केलेलं होतं, कारण ढिगाऱ्यातून अजून गंजलेल्या सळ्या वर आलेल्या होत्या आणि तिथे कुणी जाऊ नये असं नगरपरिषदेचं म्हणणं होतं. बिडवईंनी अक्षरांची मापं घेतली. रेघ जाड झाली होती, पण टोकांची गोलाई तीच. सत्तेचाळीस.

“मग माणसं हलली कशी?” त्यांनी विचारलं. “मेंदूला यात धोका दिसायलाच नको.”

“धोका कुठं दिसला त्यांना?” शर्वरी म्हणाली. “डाग दिसला.”

बिडवईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी अक्षराला बोट लावलं. बोट कोरडं आलं.

“आजोबा, वाळलंय की हे. आता करा ना सही. लोणीच्या पुढच्या आवृत्तीतही तुमची सही घालू आम्ही. प्रत्येक सूचनेच्या कोपऱ्यात. मी शब्द देते.”

आण्णांनी बारीक ब्रश आणलेला होता. तो त्यांनी खिशातून काढला, कोऱ्या कोपऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा खिशात घातला. रस्त्यावरून कुसुममावशी बाजाराला निघाल्या होत्या. कापड दिसताच त्यांनी पदर आवरला आणि ढिगाऱ्याला लांबचा वळसा घालून त्या पलीकडे गेल्या.

“तुमच्या सूचनांवर घाला,” आण्णा म्हणाले. “हितं न्हाई. हितं सही केली की उद्या सगळी खाली डबं घिऊन बसत्यात.”

मग ते शर्वरीकडे वळले. तिच्या ओढणीला रविवारचा लाल डाग तसाच होता, ‘का’च्या कान्याचा, खालच्या टोकाला गोल. त्यांनी त्याला बोट लावून पाहिलं, बोट कोरडं आलं, तसा बारीक ब्रश पुन्हा काढला आणि ओढणीच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत, आपलं नाव घातलं.